स्टीलच्या टायची टोकं

त्या हिवाळ्यात माझी पोस्टिंग उत्तर सीमेवरच्या एका उंच पोस्टवर होती. मी सिग्नल्सचा हवालदार. माझ्या हाताखाली नाईक शेख मुनीर होता. मी लातूर जिल्ह्यातल्या औशाकडचा, तो नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबादचा. पोस्टवर मराठी बोलणारे आम्ही दोघंच.

बंकरमागे मास्ट, म्हणजे उंच लोखंडी खांब होता. टोकावर अँटेना, आणि तिथून खाली रेडिओ सेटपर्यंत येणारी काळी फीडर केबल. ती मास्टला नीट बांधून ठेवणं हे आमचं नेहमीचं काम. बांधायचे बंद, म्हणजे टाय, प्लॅस्टिकचे असले तर त्या थंडीत तडकतात, म्हणून स्टेनलेस स्टीलचे वापरायचे. टाय केबलभोवती फिरवायचा, टोक टायच्या दुसऱ्या टोकावरच्या डोक्यातून, म्हणजे खाचेतून ओवायचं, टूलनं ताणायचं आणि उरलेलं कापायचं. सांगायला एवढंच. पण स्टीलचा टाय एकदा आवळला की सैल होत नाही. जास्त आवळला तर केबल आतून चेपते, कमी आवळला तर वाऱ्यात हलून झिजते.

मुनीरच्या वडिलांचं धर्माबादच्या बाजारात सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. सुट्टीवरून येताना तो जुन्या ट्यूबच्या पट्ट्या आणायचा आणि केबल चेपू नये म्हणून प्रत्येक टायखाली एक घालायचा. टोक तो डोक्याला अगदी लागून कापायचा आणि वरून अंगठा फिरवून बघायचा. गस्तीवर जाणारे सुभेदार साहेब पंजाबचे होते. ते त्याला चिडवायचे, "शेख, तुझे तो दर्जी होना था." मुनीर टोक न कापलेला एखादा जुना टाय दाखवून म्हणायचा, "साहब, इसपे एक बार हाथ फेर के देखो." साहेब हात खिशातच ठेवायचे.

किल्लारीच्या भूकंपात माझी आई गेली. तेव्हा मी नवा शिपाई, राजस्थानात. फोनच्या लाइनी बंद होत्या. मला खबर मिळाली तोवर गावात सगळं उरकलं होतं. हे मी कुणाला फारसं सांगत नसे. मुनीरला सांगितलं होतं. त्यानं चहाचा मग माझ्याकडं सरकवला आणि माझी ड्यूटी स्वतः केली.

त्या दिवशी सकाळी सुभेदार साहेबांची गस्त निघाली. थोड्या वेळानं खालच्या हेडक्वार्टरमधून टेलिफोनवर इशारा आला: नाल्यावरच्या उताराचा बर्फ सुटून खाली येऊ शकतो. गस्त त्याच नाल्याकडं चालली होती. मी सेट उचलला. नुसती खरखर.

बाहेर येऊन पाहिलं. वरच्या भागातले टाय आधीच्या युनिटनं फार आवळून बांधले होते. चेपलेल्या जागी केबल वाऱ्यानं मोडली होती. नवी केबल वर नेऊन जोडायची, आणि वाऱ्यात ती टिकावी म्हणून खालपर्यंत बांधत यायची, एवढाच मार्ग होता. मी वर जातो म्हणालो. मुनीरनं तोवर सेफ्टी बेल्ट चढवला होता.

"तुम्ही सेटवर बसा, उस्ताद. गस्तीतले तुमचा आवाज वळखतेत," तो म्हणाला. "तुमच्या घरची खबर तुम्हाला उशिरा आली. ह्यांच्या घरी खबरच जायला नगं."

वारा फार होता. तो जुने टाय तोडत वर गेला, केबल जोडली आणि बांधत खाली येऊ लागला. सेटवरची खरखर थांबली. मी गस्तीला तिच्या 'अल्फा' या नावानं हाक दिली.

"अल्फा, नाले में मत जाना. वापस आओ. ओव्हर."

"रॉजर. वापस. ओव्हर."

मी बाहेर येऊन मुनीरला ओरडून खाली यायला सांगितलं. त्यानं वरूनच नाही म्हणून मान हलवली. टायची टोकं कापायची राहिली होती. वाऱ्यात फडफडणारं स्टीलचं टोक नव्या केबलला करवतीसारखं कापत गेलं असतं, आणि गस्तीला दुसऱ्या वाटेनं आणायचं तर सेट शेवटपर्यंत चालू हवा होता. जाड हातमोज्यांत कटर धरता येत नाही. त्यानं वरचे हातमोजे काढले आणि एकेक टोक कापलं. मग उतरला.

दुपारी उताराचा बर्फ सुटला. आवाज पोस्टपर्यंत आला. गस्त तेव्हा नाल्यापासून बरीच अलीकडं होती.

संध्याकाळी मुनीरला खोकला लागला. नर्सिंग असिस्टंटनं छातीला कान लावला आणि ऑक्सिजन सुरू केला. फुफ्फुसांत पाणी भरत होतं. उंचीवर, थंडीत, फार श्रम झाले की असं होतं. फौजेत त्याला हापो म्हणतात. इलाज एकच, माणसाला खाली नेणं. मी हेलिकॉप्टर मागत राहिलो. सेट स्वच्छ बोलत होता. पण ढग हटले नाहीत, हेलिकॉप्टर येऊ शकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मुनीर गेला.

त्याला घेऊन मी धर्माबादला गेलो. त्याची मुलगी सना तेव्हा आजोबांच्या कडेवर होती.

पुढं मी रिटायर होऊन लातूरला राहिलो. आमच्या गल्लीत आता घरांपेक्षा क्लासेसचे बोर्ड जास्त आहेत. सनाही मेडिकलच्या तयारीला इथंच आली. तिच्या आईनं मला लक्ष ठेवायला सांगितलं. रविवारी ती आमच्याकडं जेवायला येते आणि मी सारखा पुस्तकात डोकं घालून बसतो म्हणून माझ्या बायकोला माझ्याविरुद्ध चिथावते.

एका रविवारी तिनं वहीवर फुफ्फुसाची आकृती काढून मला हापो समजावून सांगितला. कुठून पाणी झिरपतं, श्वास का पुरत नाही. मी इतकी वर्षं नाव घेत होतो, कळलं त्या दिवशी. सांगून झाल्यावर ती पेन्सिल धरून बसली.

"म्हंजे अब्बूंना बुडाल्यासारखं झालं असंल, चाचा."

"हाव," मी म्हणालो. तिला खोटं सांगणं शक्य नव्हतं.

"काही बोलले?"

"गस्त आली का, हे इचारीत होता. आली म्हणून सांगितलं, तर त्याला पटंना. मग सुभेदार साहेबांनी सगळ्यांना आत आणलं. एकेक जण त्याच्या तोंडापुढं वाकून आपलं नाव सांगत गेला. प्रत्येकाला त्यानं मान हलवली. सगळे झाल्यावर डोळे मिटले."

सनानं पेन्सिल खाली ठेवली. मग तिनं गस्तीतल्या सगळ्यांची नावं विचारली, आणि ते आता कुठं असतात तेही. मी सांगत गेलो. सुभेदार साहेबांना नातू झाला आहे. एक जण गावाकडं शाळेची बस चालवतो. दुसऱ्याची मुलगी सनाच्याच वयाची, तीही परीक्षेची तयारी करते. तिनं प्रत्येकाचं शेवटपर्यंत ऐकलं. दुपारच्या क्लासला ती गेली नाही.