मुलीला जर्मनीला पाठवताना

सुरतेत बमरोलीला राहत होतो, तेव्हाचा हा प्रसंग आहे. नव्वदच्या दशकातली एक रविवारची सकाळ... मी माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीला रेल्वे स्टेशनवर घेऊन गेलो आणि गर्दीत मुद्दाम तिची साथ सोडली.

कारण सांगतो. सुनंदाच्या शाळेच्या गरबा पथकाला जर्मनीतील एका बालमहोत्सवाचे निमंत्रण आले होते आणि पथकात तिची निवड झाली होती. आमच्या खानदेशी वस्तीतून विमानात बसणारी ती पहिलीच. मला अभिमान वाटत होता आणि तो मी उघड मिरवत होतो... भीती मात्र कुणाला दाखवली नाही.

तिची आई पूर्वीच निवर्तली होती. घरात आम्ही दोघेच. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे, परदेश मी नकाशातसुद्धा नीट पाहिलेला नव्हता. परंतु धुळ्याहून सुरतेला आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी मी हरवलो होतो... परमुलखात काय होते, हे मला ठाऊक होते.

म्हणून तयारी मी स्वतः करून घेतली. पासपोर्टसाठी शिंप्याकडून तिच्या कुर्त्याला आतून चेनचा खिसा शिवून घेतला. तिच्याकडून घोकून घेतले, अनोळखी माणसाचे पार्सल हाती घेऊ नये, झाकण उघडलेली बाटली तोंडाला लावू नये... आणि चुकामूक झाल्यास शोधत फिरू नये, आहे तिथेच उभे राहावे.

स्टेशनवर मी खांबाआडून पाहत होतो. ती जागची हलली नाही. शेवटी मलाच राहवेना आणि मी पुढे झालो.

"अण्णा, मी काय धाकली शे का आते?" आपण आता लहान नाही, हे तिने घरच्या अहिराणीत सुनावले. "घाम तर तुम्हाला फुटलाय."

शाळेतल्या बहेनना, म्हणजे बाईंना, मी रोज नवी शंका विचारत असे. एकदा त्या गुजरातीत म्हणाल्या, "काका, छोकरी नाचवा जाय छे, लश्करमां नहीं." इतर पालक हसले. मी हसलो नाही.

निघायच्या दिवशी शाळेसमोर एसी बस उभी होती, ती मुलांना मुंबईच्या विमानतळावर नेणार होती. काचा बंद, इंजिन सुरू... मी खिडकीखाली उभा राहून पासपोर्टबद्दल पुन्हा बजावू लागलो. तिला काहीच ऐकू येत नव्हते.

तेव्हा तिने हात वर केले.

मी लूम कारागीर होतो. खात्यात, म्हणजे आमच्या कारखान्यात, मागांच्या खडखडाटात शब्द ऐकू येत नाहीत, त्यामुळे आम्ही हातांनी बोलत असू. शेजारचा कारागीर जेवायला निघाला की लांबूनच खुणेने विचारी... माझे माग एकट्याने सांभाळशील का? सुट्टीत माझा डबा घेऊन आलेली सुनंदा खात्याच्या दारात उभी राहत असे. ही भाषा मी तिला कधी शिकवली नव्हती.

काचेपलीकडून ती नेमके तेच विचारत होती. एकट्याने सांभाळाल ना?

इतके दिवस मी तिला एकटे राहायला शिकवत होतो. माझ्याकडून ती तयारी कुणी करून घ्यायची, हे माझ्या ध्यानातही आले नव्हते... तिच्या आले होते.

आमच्या खात्यात होकार देताना तळहात छातीवर ठेवत. मी तसा ठेवला. इतक्या वर्षांत तो होकार मी त्या दिवशी पहिल्यांदाच खोटा दिला.

बस गेल्यावर मी घरी गेलो नाही. रजा असूनही खात्यावर जाऊन माझ्या मागांपाशी उभा राहिलो... तिथे कुणी काही विचारले, तरी तोंडाने उत्तर द्यावे लागत नाही.

सुनंदा सुखरूप परत आली. आता तिचा संसार दूर गावी आहे आणि मी पुन्हा एकटा आहे. परंतु निघताना मागे राहणाऱ्याची काळजी आधी करणारी लेक माझ्या वाट्याला आली... याबद्दल आभार कुणाचे मानावेत, हे मला अद्याप उमगलेले नाही.