दाढेखालचा तांदूळ

सन १९७८. माझं वय तेहतीस. महाडच्या वखारीत तांदळाच्या थप्पीसमोर आत्या उभी होती. तिने पदर कमरेला खोचला, पोत्याच्या शिवणीतून दोन बोटं आत घातली, चार दाणे काढले. दोन हातात ठेवले, दोन दाढेखाली टाकले आणि डोळे मिटले. कट् असा आवाज झाला. वखारीचा मालक गादीवर बसला होता, त्यालाही तो ऐकू गेला असणार, कारण त्याने चष्मा वर केला.

"माल बोलता है," आत्या म्हणाली. "हे घे. ते पलीकडचं नको."

"अहो बाई, पलीकडचं पण तेच भात हाय, एकाच शेतातलं," मालक म्हणाला.

"शेत एक असंल. पण हे उन्हात वाळलंय, ते सावलीत. पोटातून ओलं हाय ते. मला नाय, दाढेला विचारा."

मालक हसला आणि त्याने हमालाला हाक मारली. मी बाजूला उभा. मला तिच्यावर विश्वास नव्हता असं नाही. मला त्या सगळ्या बेतावरच विश्वास नव्हता.

तुम्हीही असं माणूस कुठेतरी पाहिलं असेल, ज्याच्या हातात कधी सत्ता नसते पण ज्याच्यावाचून वाडीतलं पान हलत नाही. आत्या तशी. माझी सख्खी आत्या नव्हे. आमची वाडी पोलादपूरच्या बाजारापासून पायी पाऊण तासावर, त्या वाडीत ती सगळ्यांचीच आत्या. तरुणपणी नवऱ्यामागे मुंबईला गेली होती. तिथे धान्याच्या गोदामात चाळायला आणि निवडायला बसायची. वीस वर्षं बसली. नवरा गेला तशी गावी परतली. येताना दोन ट्रंका आणल्या आणि थोडं हिंदी आणलं. ते ती धान्याबद्दल बोलतानाच वापरायची. बाकी रागावायची ती आमच्याच भाषेत.

आत्याचं धरून आम्ही पाच घरं एका पायवाटेवर. मी रस्त्याच्या कामावर खडी फोडायचो. पावसात ते काम बंद. जमीन होती ती डोंगरउताराची, नाचणी व्हायची, भात पुरायचं नाही. म्हणजे मृगापासून दिवाळीपर्यंत तांदूळ विकत. रेशनवर मिळेल तेवढं, बाकी बाजारपेठेतल्या दुकानातून, रोजच्या रोज, पुडीने.

त्या दुकानदाराबद्दल वाईट लिहायचं नाही, पण खरं लिहितो. तो मला नावाने कधी हाक मारायचा नाही. मी दुकानाची पायरी चढलो की म्हणायचा, "आले पावशेर." गोडं तेल पावशेर, डाळ पावशेर, साखर तर त्याहून कमी. आणि सुटे पैसे हातात द्यायचा नाही, फळीवर टाकायचा. आपण वेचून घ्यायचे.

आत्याने हे दोन-चारदा पाहिलं. एका संध्याकाळी तिने पाचही घरच्यांना आपल्या ओट्यावर बसवलं.

"पुडीनं घेणारा दुकानदाराच्या तोंडाकडं बघतो," ती म्हणाली. "पोत्यानं घेणारा काट्याकडं बघतो. आपण काट्याकडं बघू या."

"आत्या, एवढे पैसे एकदम आणायचे कुठनं?" मी म्हणालो.

"चार महिने जे थोडं थोडं देतोस तेच आधी साठव."

"साठवता आलं असतं तर पुडी कशाला आणली असती?"

"तुझी बिडी पुडीनं येते का बंडलानं?"

सगळे हसले. माझी बायको सगळ्यांत मोठ्याने हसली. मी उठून गेलो. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण मला एक गोष्ट पक्की ठाऊक होती आणि ती मी जाता जाता बोलून गेलो: "घरात पोतं दिसलं की हात सैल सुटतो. वाचतं त्याहून जास्त खाऊन संपतं."

तरी पैसे मी दिले. बायकोने बिडीचा हिशेब दोन महिने डोळ्यांसमोर धरला, मग काय करणार.

पहिल्या वर्षी काय झालं ते सांगतो, कारण घाऊक घेतलं की पैसा वाचतो का, हे आजही मला माझी सून विचारते. ती महिन्याचं सामान शहरातल्या मोठ्या दुकानातून गाडी भरून आणते. मी तिला सांगतो, तांदळात वाचला. डाळीत वाचला. तेलात नाही वाचला. तेलाचा डबा घरात आल्यावर आमच्याकडे आठवड्यातून दोनदा भजी व्हायला लागली. आणि साखर! कुडपणहून माझा साडू दोन दिवसांसाठी आला. आमच्या घरी चहा गोड मिळतो हे कळल्यावर तो पंधरा दिवस राहिला. श्रावण सरला तेव्हा तांदळाच्या पोत्याचा तळ दिसला. मी पुन्हा दुकानाची पायरी चढलो.

"आले पावशेर," दुकानदार म्हणाला. "मला वाटलं होतं तुम्ही आता वखार काढली."

घरी येऊन मी आत्याला म्हणालो, "बघ, बोललो होतो की नाय?"

तिने वाद घातला नाही. सुपातले चार खडे वेचून फेकले. मग म्हणाली, "तुझं बरोबर हाय. पोतं घरात ठेवायचं नाय."

पुढच्या वर्षीचा कायदा तिने तिथेच केला. पाचही घरांची पोती तिच्या घरी, जमिनीपासून वीतभर उंच फळीवर. दर शनिवारी सकाळी तिने पायलीने मापून द्यायचं. आठवड्यात संपलं तर शनिवारपर्यंत नाचणी खा. पाहुणा आला तर त्याला पण नाचणी. आमचा साडू त्या वर्षी एकच दिवस राहिला.

आता १९७९ कडे येतो. हे लिहायला मला जड जातं.

त्या वर्षी माझे पैसे जमायला उशीर झाला. माझ्यामुळे सगळेच थांबले. महाडला गेलो तेव्हा वळवाच्या दोन सरी होऊन गेल्या होत्या. आत्या आणि मी, दोघंच. पहिल्या वखारीत भाव चढलेला. मी म्हणालो, दुसरीकडे बघू. फिरत फिरत एक वखार मीच शोधली. तिथला माणूस पोत्यामागे बरेच कमी सांगत होता. मी त्याच्याशी अर्धा तास घासाघीस केली आणि अजून खाली आणला. तुम्हाला काय सांगू, मला काय वाटत होतं! जो माणूस घाऊकच्या विरुद्ध बोलला होता त्यानेच घाऊकचा भाव पाडला. मनात मी वाडीत पोचलोसुद्धा होतो आणि सगळ्यांना सांगत होतो.

आत्याने बोटं पोत्यात घातली. दाणे काढले, तोंडात टाकले, डोळे मिटले.

आवाज आला नाही.

पाच पोत्यांपैकी तीन पोती वरच्या थप्पीतली, ती तिने हाताने चोळून, वास घेऊन बघितली. खालची दोन भिंतीकडची होती. त्यांचे दाणे तिने तोंडात जरा जास्त वेळ घोळवले, एका गालातून दुसऱ्या गालात. मी कान देऊन ऐकत होतो. काही नाही.

"बरं हाय?" मी विचारलं.

"बरं हाय," ती म्हणाली. पण माल बोलता है, असं काही ती म्हणाली नाही.

मी आणखी एकदा विचारायला हवं होतं. स्वतः एक दाणा दाताखाली धरायला हवा होता. माझे दात तेव्हा चांगले बत्तीस होते. पण भाव मी पाडला होता. मी पैसे मोजले आणि विटा टाकून घाटाकडे मोकळा चाललेला ट्रक ठरवला.

वाडीत माझी वाहवा झाली. मी ती घेतली.

मग पाऊस लागला. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत असेल तर सांगायला नको, आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. दर शनिवारी मी आत्याकडे माप घ्यायला जायचो आणि माझी नजर फळीवरच्या त्या खालच्या दोन पोत्यांकडे जायची. ती वरची पोती संपवत होती. मी मनात मोजायचो, अजून अडीच पोती, मग ती दोन. जेवताना भात पुढे आला की मी आधी तो हुंगून बघायचो. बायको म्हणायची, "काय होतंय तुम्हास्नी?" मी म्हणायचो, काही नाही. मला तीन पोरं. पाच घरांत मिळून पंधरा पोरं होती. मी त्यांची गिनती त्या पावसात पुन्हा पुन्हा केली.

आषाढ सरताना एका शनिवारी आत्या माप भरत होती, तेव्हा मी सहज टेकल्यासारखं करून हात त्या पोत्यांच्या मधल्या सांदीत घातला. पोतं गरम होतं. अंगात ताप असलेल्या माणसाच्या काखेत हात घालावा तसं गरम.

मी म्हणालो, "आत्या, पोतं तापलंय."

"घरात चूल हाय, तापंल नाय तर काय."

"चूल त्या भिंतीला हाय."

तिने पायली खाली ठेवली. ती माझ्याकडे न बघता उठली, शिवण उसवली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. तो हात तिने बराच वेळ बाहेर काढला नाही. मग ती खाली बसली, माझ्याकडे तोंड केलं आणि बोटाने गाल ओढून दाखवला. दोन्ही बाजूंच्या दाढा गेलेल्या. नुसत्या गुलाबी हिरड्या.

"शिमग्याच्या आधी काढल्या," ती म्हणाली. "दवाखान्यात. कोणाला बोलले नाय."

"का नाय बोललीस?"

"अरे शहाण्या, पाच घरं माझ्या दाढेवर तांदूळ घेतात. दाढ नाय म्हटल्यावर मग मी कोण?"

मी तेव्हा माझं सांगायला हवं होतं.

"जा," ती म्हणाली. "बोलव सगळ्यांना. मी सांगते."

भर पावसात डोक्यावर इरली घेऊन सगळे जमले. पोती ओढून काढली. एक पोतं आत दमट झालं होतं, पण वास नव्हता. दुसरं उघडलं आणि पुढच्या बाया मागे सरल्या. आंबूस वास, पिवळे पडलेले दाणे, मुठीत घेतले तर गोळा होत होता. आम्ही तांदळाच्या भावात पाणी घेतलं होतं, आणि स्वस्त मिळालं म्हणून खूश झालो होतो.

शेजारचे म्हातारबा काठी आपटत म्हणाले, "घाऊक घ्या, घाऊक घ्या! आता घाऊकच उपाशी रहा!"

"आत्याबाय, तुझी दाढ काय झोपली होती का गो?" त्यांची सून म्हणाली.

"दाढ नायच हाय," आत्या म्हणाली आणि सगळ्यांना तोंड उघडून दाखवलं. कोणी हसलं नाही. "चूक माझी. ओलं पोतं तुम्ही चार घरं वाटून घ्या, रोज थोडं थोडं सुपात घेऊन चुलीवरच्या माळ्यावर पसरा, हात फिरवत रहा, वाळंल. चांगली दोन बी तुम्हीच वाटा. हे आंबलेलं माझं."

"हे खाणार हाईस?" माझी बायको म्हणाली.

"चुन्याच्या निवळीत धुवीन, वाळवीन, पीठ करीन. एकट्या बाईला किती लागतं?"

कोणी माझं नाव घेतलं नाही. वखार कोणी शोधली, भाव कोणी पाडला, तिच्या तोंडातून आवाज आला नाही हे कोणी ऐकलं. मी खाली बघत होतो. वाटणी झाली, आणि जाताना आत्या माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "तू भाव चांगला पाडला होतास रे. तुझी नाय चूक."

तिला ठाऊक होतं. मी ऐकत होतो हे तिला वखारीतच कळलं होतं.

आत्या आता नाही. पुढे चार वर्षांनी मुंबईत दिलेली तिची लेक येऊन तिला घेऊन गेली. जाताना ट्रंका इथेच ठेवून गेली, परत येणार म्हणून. मग एका वर्षी पोस्टकार्ड आलं. शाळेतल्या मास्तरांकडून मी ते वाचून घेतलं. मला वाचता येत होतं, पण त्या दिवशी अक्षरं लागेनात. तिचं घर पडलं नाही, कोणी ना कोणी शाकारतं. मात्र आत कोणी राहत नाही.

पण तो दिवस पुरा सांगायचा राहिला. त्या संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगितलं. ती चुलीवरच्या माळ्यावर पसरलेला तांदूळ हाताने परतत होती, परततच राहिली. मग म्हणाली, "सकाळी उचलायला मी हात लावते."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस जरा उघडला होता. आमच्या वाट्याचे चांगले तांदूळ दोन गाठोड्यांत बांधून आम्ही आत्याच्या घरी नेले. दाराला कडी होती, आत्या पाण्याला गेली होती. गाठोडी फळीवर ठेवली. ते आंबलेलं पोतं बायकोने हात लावून माझ्या पाठीवर चढवलं. घरी सरळ जायची वाट होती, पण मी वरच्या वाटेने गेलो, एकेका दारापुढे थांबत. पाठीवरून पाणी गळत होतं आणि वासाने कुत्री मागे लागली होती. म्हातारबा ओट्यावर दात घासत बसले होते.

"काय रे, हे कुठं नेतोस?" ते म्हणाले.

"माझ्या घरी," मी म्हणालो. "मला वखारीतच कळलं होतं, आवाज आला नव्हता. मी बोललो नाय."

त्यांनी चूळ भरली आणि पाणी अंगणात थुंकलं. मी पुढच्या दाराकडे निघालो. अजून दोन घरं राहिली होती.