सायबिणीचा मुकुट

माझं कोणी ऐकलं नाही. वर्षभर कंठशोष केला, एका मेल्यानं ऐकलं नाही! मी चौथी शिकलेली, त्यात फाटक्या तोंडाची, म्हणून माझं सांगणं खोटं! रत्नागिरीत आम्ही किरिस्तांव मूठभर. पण आमच्या देवळातले किस्से मेणबत्तीच्या मेणासारखे. आदला खरवडून काढावा, तोवर वर दुसरा गळतोच.

*

पेद्रूबाब आमच्या फेस्ताचा, देवळाच्या वर्षाच्या सणाचा, यजमान. एका फेस्ताला मिरवणुकीत त्यानं पाद्रीबाबांच्या छत्रीहून मोठी छत्री स्वतःवर धरवली. मी विचारलं, "पेद्रूबाब, फेस्त सायबिणीचं की तुमचं?"

"यंदाचं माझं!" म्हणाला. लाजबीज काही नाही!

*

त्याची म्हातारी आई मात्र लाख माणूस. मरियेच्या मूर्तीला आम्ही सायबीण म्हणतो. तिचा चांदीचा मुकुट दर फेस्ताआधी म्हातारीच रिठ्यानं घासायची. एकदा हातून पडला, एक टोक वाकलं. "ऱ्हाऊ दे," म्हणाली, "सायबीण काय रुसत नाय." पुढं तिचे डोळे गेले, घासणं सुटलं.

*

सायबीण घरोघर जाते, एक दिवस एका घरी. पांढऱ्या कपड्यात झाकून नेतात; नव्या घरी प्रार्थना संपल्यावरच कपडा काढायचा, ही रीत. त्या वर्षी ती पेद्रूबाबच्या घरून रोजीनकडे आली. रोजीन विधवा, शिवणकामावर जगणारी. कपडा काढला, तर सायबिणीचं डोकं बोडकं! सगळ्या माना रोजीनकडे वळल्या.

मी ओरडले, "वाटेत वाऱ्यानं कपडा उडाला, तेव्हाच मुकुट नव्हता! मी बघितलंय!"

पाद्रीबाब म्हणाले, "आनमारी, वाऱ्यात डोळ्यांत धूळ जाते."

"धूळ जाते पाद्रीबाब, मुकुट नाही जात!"

मलाच गप्प बसवलं. रोजीन चोर ठरली.

*

पुढच्या वर्षी सायबीण तिच्या दारावरून सरळ पुढं नेली. रोजीन पेटती मेणबत्ती घेऊन उंबऱ्यावर गुडघे टेकून बसलेली. एकजणही थांबला नाही! शेजारची भागी कोळीण, नवरा समुद्रावर गेला की सायबिणीला नवस बोलणारी, ती कडाडली, "तुमची देवी गरिबाचं घर इसरली, की तुम्हीच तिला इसरायला लावलात?"

मी मिरवणूक सोडली आणि रोजीनशेजारी जाऊन बसले.

*

त्याच आठवड्यात पेद्रूबाबकडे प्रार्थना होती. मी रोजीनला हाताला धरून नेलं.

"हिला कोणी बोलावलं?" पेद्रूची बायको.

"सायबिणीनं! तुझं काय म्हणणं?"

पेद्रूबाबच्या घरच्या मूर्तीवर सोन्याचं पाणी दिलेला मुकुट झगमगत होता. "आगबोटीनं मुंबईहून मागवला!" तो ज्याला-त्याला सांगत होता. पाद्रीबाबसुद्धा "वा, वा!" करत होते.

प्रार्थना संपली. म्हातारीला पाया पडायला पुढं आणलं. आंधळं माणूस ते; हात मूर्तीच्या पायांवरून वर सरकत चेहऱ्यावर गेला, मग मुकुटावर. एका टोकाशी बोटं थांबली. पुन्हा फिरली, पुन्हा तिथंच थांबली.

"काय झालं, माय?" पाद्रीबाबांनी विचारलं.

म्हातारीनं दोन्ही हातांनी मुकुट उचलला. "रोजीन कुठं हाय?"

मी रोजीनला पुढं ढकललं. म्हातारीनं चाचपून तिची ओंजळ शोधली, मुकुट तीत ठेवला. मग वळली आणि भरल्या घरात हाक मारली,

"पेद्रू!"