दुपारच्या सुट्टीतला कुलपाचा गेम

२०१९ साल. मी अडुसष्ट वर्षांचा. शाळा चौथीपर्यंत, त्यातली बी निम्मी बुडवलेली... तेव्हा लिहिण्यातल्या चुका काढत बसू नका. आणि भूत, भानामती, अंगात येणं — असल्याला मी जन्मात मानलं नाही. अंगात आलेल्या बाईला "चहा घेता का?" असं विचारणारा माणूस मी.

सोलापुरात अक्कलकोट रोडला एका टॉवेलच्या कारखान्यात आधी मागावर होतो, गुडघे गेल्यावर गेटवर बसलो. ऑफिसात अश्विनी नावाची पोरगी बिलं करायची. जेवणाच्या सुट्टीत ती कॉम्प्युटरवर गेम खेळायची. एका खोलीचं चित्र. माऊसनं इथं तिथं दाबायचं — कुठं खण उघडतो, कुठं गादीखाली किल्ली सापडते, शेवटी दाराचं कुलूप निघालं की जिंकलो. त्यात अक्षर एक नाही. म्हणून मला जमला.

"मामा, अडलं तर हा बल्ब दाबा. तो सांगतो पुढं काय करायचं."

"तुझा बल्ब तुज्याकडंच ठेव. मी काय आंधळा हाय का?"

"बरं! मग बसा कपाट ठोकत संध्याकाळपर्यंत."

ती मैत्रिणींकडे डबा खायला गेली की मी बसायचो. त्या खोलीत हरवलेली वस्तू सापडतेच... उशिरा का होईना, सापडतेच. तेवढा वेळ जिवाला बरं वाटायचं.

कारण माझं पोरगं सापडत नव्हतं. सिद्धाराम. माल घेऊन हैदराबादला निघालेल्या ट्रकवर गेला होता. ढाब्यावर हात धुवायला उतरला आणि गाडीत परत चढलाच नाही. वर्षं गेली. भावकी म्हणायची, आता त्याचं क्रियाकर्म करून टाका, त्याला बी सुटू द्या. मी त्यांना दारातनं घालवून दिलं. मेलेला बघितलाय का कुणी? मग जिवंत हाय!

त्या दिवशी निळ्या भिंतींची खोली होती. लोखंडी खाट, एक स्टूल, बंद दार. मी गादीवर क्लिक केलं. गादी उचलली गेली, आणि खाली किल्लीच्या जागी चांदीची डबी... आम्ही लिंगायत, गळ्यात लिंग घालतो, त्याची असते तशी. आणि ती ओवलेली होती हिरव्या दोऱ्यात. हा दोरा पांढरा असतो, हिरवा कुणी घालत नाही. सिद्धारामचा दोरा तुटला होता तेव्हा घाईत मीच कारखान्यातलं टॉवेलचं हिरवं सूत नेलं होतं, त्याच्या आईनं ते वळून दिलं होतं. डबीचा कोपरा चेपलेला. तो बी तसाच.

 माऊस सरकत दारावर गेला आणि दाबला गेला. दार उघडलं नाही. पण पलीकडनं आवाज आला... त्याचाच —

"बा... बा..."

मी गेट तसंच टाकून रिक्षानं घर गाठलं. बायको, महादेवी, शेंगा फोडत बसली होती. उंबऱ्यातनंच ओरडलो, "पोरगं जिवंत हाय! मला हाक मारली त्यानं, बा म्हणून!"

तिनं वर बघितलं. "तुमाला तो कदी बा म्हणाला?"

 मला तो अप्पा म्हणायचा.

हिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. पोरगं माझ्याशी मराठीत बोलायचं आणि आईशी कन्नडात. आणि कन्नडात 'बा' म्हणजे 'ये'.

"मला बोलावतंय ते," ती म्हणाली. रडली नाही. "कसं म्हणालं? रागानं का?"

"न्हाय... लाडानं."

"मग झालं," म्हणाली, आणि परत शेंगा फोडायला लागली.

मला राग आला. "कॉम्प्युटरचं काय खरं मानतीस? खुळी का काय!"

"आत्ता तुमीच वरडत आला की."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीतच शेजाऱ्यांचा फोन आला. महादेवी गेली होती. दुखणं नाही, खुपणं नाही. डॉक्टर म्हणाले, हार्ट. संध्याकाळी माती दिली. आमच्या रीतीप्रमाणे तिचं लिंग तिच्या तळहातावर ठेवलं. पोराच्या हातात काय होतं, देव जाणे.

अश्विनीनं नंतर तो गेम किती वेळा उघडून बघितला. निळी खोली आहे. गादीखाली किल्लीच आहे. "आणि मामा, आवाज येईलच कसा? ह्या कॉम्प्युटरला स्पीकरच नाही." मला आजपर्यंत ह्यातलं काही कळलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला कळत असेल तर जरूर सांगा. फक्त भास झाला म्हणू नका... तो दोरा मी ओळखतो.

माती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून मठात गेलो. स्वामी अंगण झाडत होते.

"मालक, तुमी कशाला आला? आमीच येणार होतो की, तिसऱ्या दिवसाचं ठरवायला."

"तिचं नंतर बघू," मी म्हणालो. "आदी पोराचं करा."

त्यांनी झाडू ठेवला. "सिद्धारामचं? काय कळलं का त्याचं?"

"व्हय," मी म्हणालो. "त्याची आई पोचली त्याच्याजवळ."