थोरल्या लेकीचा हात

आमच्या घरी लग्न निघालं की पहिली लढाई बांगड्यांची. मांडव, आचारी, बँड हे सगळं नंतर. निलंग्याकडची बांगडीवाली टोपली घेऊन येते आणि घरातल्या झाडून सगळ्या बायका ओसरीवर रांगेनं बसतात. आधी नवरी, मग तिची थोरली बहीण, मग आम्ही सुना, मग भावकी. हा क्रम मोडला म्हणून आमच्याकडं एकदा दोन चुली झाल्या, असं मी ऐकलंय. मी सांगतेय म्हणजे निम्मं तरी खरं धरा.

धाकट्या नणंदेचं लग्न होतं. अडचण अशी, की तिची थोरली बहीण मी या घरात आले तेव्हा माझा दीर होती. लातूरला क्लासमध्ये बायोलॉजी शिकवायला गेली, आणि एका दिवाळीला साडी नेसूनच घरी आली. म्हणाली, मी पहिल्यापासून बाईच आहे, तुम्हाला आत्ता सांगतेय. माझ्या माहेरच्या बाया म्हणाल्या, "काय गं नशीब तुझं! आम्ही एका नणंदेनं बेजार, तुला देवानं वरून एक दिली, ती पण शिकलेली!"

सासूबाई हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. ताई गावी आल्या की त्यांना पोटभर वाढायच्या, पण पुरुषांच्या पंगतीत नाही आणि बायकांच्याही नाही. ताट मांडायच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी, मधोमध. ताई मुकाट तिथं जेवायच्या.

लग्नाआधी त्यांचा फोन आला. "वहिनी, आई मला बांगड्या भरायला बसवेल का? नसेल बसवणार तर मी अक्षतांपुरती येते आणि निघते."

"तुम्ही या हो ताई. न्हाई बसवलं तर मांडव पेटवते मी!" बोलायला माझं काय जातंय? सासूबाईंपुढं माझा आवाज उंदराएवढा.

बांगड्या भरायच्या दिवशी ताई आल्या आणि चहाचा ट्रे धरून दाराशीच उभ्या राहिल्या. नवरीचे हात भरून झाले. बांगडीवालीनं मान वर न करता विचारलं, "थोरली बेटी कुठं हाय? हात आन."

ओसरी अशी गप्प झाली, की मुंगी शिंकली असती तरी किल्लारीपर्यंत ऐकू गेलं असतं.

चुलत सासूबाई पुटपुटल्या, "थोरली कुठली आता? सुनंला घे की."

सासूबाई उठल्या आणि तडक आत गेल्या. आता काडीपेटी शोधायची का काय? ताईंनी ट्रे खाली ठेवला आणि चपला पाहू लागल्या.

सासूबाई बाहेर आल्या त्या खोबरेलाची बाटली घेऊन.

"कुठं चाललीस? बस हितं."

ताई बसल्या. सासूबाईंनी त्यांचा पंजा मांडीवर घेतला. पंजा कसला, त्यात अख्खा भोपळा मावेल! सासऱ्यांचा अस्साच आहे. त्यांनी शिंग धरलं की बैल आपणहून माफी मागतो. सासूबाई अंगठ्याच्या मुळाशी तेल जिरवत राहिल्या, बाळंतिणीच्या खोलीत तान्ह्याला चोळतात तसं.

"हात बापावर गेलाय हिचा," त्या बांगडीवालीला म्हणाल्या. "साबणानं व्हायचं न्हाई."

चुलत सासूबाईंनी तोंड उघडलं.

"तू थांब. तुझी पाळी यायची हाय अजून."

पहिली बांगडी वाढली. लग्नघरात फुटली म्हणू नये. दुसरीही वाढली. बांगडीवाली म्हणाली, "अम्मा, लई मोठा हात हाय. मेटलच्या घालू?"

"काचेच्याच. हिरव्याच."

टोपलीच्या तळातून सगळ्यात मोठं माप निघालं. सासूबाईंनी अंगठा दाबून धरला, बांगडीवालीनं बांगडी रेटली. शपथेवर सांगते, हाडं वाजलेली मी ऐकली. विष्णुपुरी धरणाचं सगळं पाणी एका चारीतून चाललंय, असं वाटत होतं. मी जन्मात पुष्कळ नवलं पाहिली आणि त्याहून जास्त रचून सांगितली, पण ती काच त्या हाडांवरून पलीकडं उतरताना पाहिली आणि माझ्या अंगावर काटा आला. त्यात एक अक्षर वाढवून सांगायची सोय नव्हती.

ताईंच्या हातावर ओरखडा उठला होता. रक्ताचा बारीक थेंब सासूबाईंनी पदरानं टिपला.

"दुखलं का गं?"

"न्हाई."

"मग रडतीस कशाला? दुसरा हात आण."