बायजाचं सासरचं नाव

माझा आजा धाकू उभ्या आयुष्यात दोनदाच ठाण्याला गेला, आणि दोन्ही वेळा एकाच आठवड्यात. पुढे पंचाहत्तरी ओलांडेपर्यंत जगला, मोहन्याहून कल्याणच्या बाजाराला शेकडो खेपा केल्या, पण कल्याणच्या पुढे पाऊल टाकलं नाही. आम्ही पोरं त्याला चिडवायचो, "आजा, ठाण्याला वाघ बसलाय काय?" तो तंबाखू मळत राहायचा. मी बारा-तेरा वर्षांचा असताना एकदाच त्याने मला सगळं सांगितलं. मलाच का, ते मला अजून कळलेलं नाही. त्यानंतर मी त्याला कधी चिडवलं नाही.

गाठीच्या तापाचं, म्हणजे प्लेगचं ते साल, अठराशे सत्त्याण्णव. फाल्गुन लागला होता. धाकू सतरा वर्षांचा. बाप आंब्यावरून पडून तीन महिने खाटेला खिळलेला, आणि आईला त्याला सोडून हलता येत नव्हतं. थोरली बहीण बायजा ठाण्याला नौपाड्यात दिलेली. नवरा महिपत मिठागरावर कामाला. एके दिवशी गवत वाहणाऱ्या पडाव-होडीवरचा गणू ठाण्याहून आला आणि अंगणाबाहेरच उभा राहून म्हणाला, "बायजाचा घरवाला गेला. सासरची मानसं घर टाकून पळाली. तिला तापात सरकारी छावनीत नेलीय. बरी झाली तर घरच्या मानसाच्या हाती देतील म्हनतात. कोनी नसंल तर कुठं जाईल ती?"

गावातून कुणी जायला तयार होईना. दोन सख्खे चुलते होते, त्यांनी खाली मान घातली. मला त्यांचा अजून राग येतो. पण त्यांच्या घरात लहान पोरं होती, तेव्हा राग धरून तरी काय करू? शेवटी धाकू म्हणाला, "मी जातो." बायजाने त्याला कडेवर वाढवलेला. आईने भाकऱ्या आणि सुकट फडक्यात बांधून दिली.

कल्याणला गाडीत बसणाऱ्याचं अंग तपासतात, गरम लागलं तर तिथेच ठेवून घेतात, असं सगळीकडे बोललं जात होतं. उन्हात चालून आलेल्या माणसाचं अंग गरमच असणार. म्हणून तो पायीच निघाला. ठाकुर्ली, डोंबिवली मागे टाकत रुळांच्या कडेने, मुंब्र्याच्या डोंगराखालून, कळव्याचा पूल ओलांडून सोमवारी दिवस कलताना ठाण्यात पोचला. शहर म्हणजे माणसंच माणसं, असं त्याने ऐकलं होतं. नौपाड्यात त्याला दोन कुत्री आणि एक म्हातारा वाणी दिसला. तापाचं घर म्हणून सरकारी माणसांनी महिपतच्या घराची कौलं उतरवून टाकलेली, आत चुलीवर ऊन पडलेलं. शेजारची घरंही तशीच उघडी. वाण्याने बोट दाखवून छावणीची वाट सांगितली, पण फाटक तोवर बंद झालं होतं. रात्र त्याने देवळाच्या ओट्यावर काढली.

मंगळवारी सकाळी तो फाटकाशी उभा राहिला. माळावर कुडाच्या झोपड्यांच्या रांगा, भोवती कुंपण. फाटकाजवळ मांडवात एक कारकून चोपडी घेऊन बसलेला. माणूस चांगला होता, आजाने हे आवर्जून सांगितलं.

"नाव काय तुझ्या बहिणीचं?"

"बायजा, रावसाहेब."

कारकुनाने पानं चाळली. बायजा नव्हती. "नवऱ्याचं नाव?"

"महिपत."

महिपतची बायकोही चोपडीत नव्हती. कारकून वैतागला, पण धाकूवर नाही. "अरे, बायका नवऱ्याचं नाव घेतात का? जीव जायची पाळी आली तरी तोंड उघडत नाहीत. अर्ध्या चोपडीत ती जागा कोरीच आहे. तिचं सासरचं नाव सांग. लग्नात बदललेलं. इथे तेच सांगितलं असणार."

धाकूला ते ठाऊक नव्हतं.

आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात, हे त्याला ठाऊक होतं. पण बायजाच्या लग्नात तो सात वर्षांचा होता आणि सासरच्यांनी नवं नाव ठेवलं तेव्हा मांडवात झोपलेला होता. त्यानंतर दहा वर्षं ती माहेरी आली की बायजाच असायची. आईने तिला दुसऱ्या नावाने कधी हाक मारली नाही, बापाने मारली नाही, गावानेही नाही. महिपत बायकोबद्दल बोलायचा तो नुसतं 'घरात' म्हणायचा.

कारकून एकेक नाव वाचू लागला. भागीरथी. रखमा. लक्ष्मी. सगुणा. पुन्हा लक्ष्मी. जानकी. प्रत्येक नावाला धाकूला वाटायचं, हेच असेल. मग पुढचं नाव यायचं आणि तेही खरं वाटायचं. अशी एकोणीस नावं झाली. आत सोडायची परवानगी नव्हती. त्याने हात जोडले तेव्हा कारकुनाने एका शिपायाला आत पाठवलं. शिपाई झोपड्यांमधून "बायजा, गं बायजा" असं ओरडत फिरून आला. कुणी ओ दिली नाही.

धाकूने कुंपणाला हात धरून स्वतः हाका मारल्या. शेवटी पोलिसाने त्याला बाजूला केलं. "रडू नकोस, नाव घेऊन ये," कारकून म्हणाला. बहीण शंभर पावलांवर असेल, आणि तिचं नाव दिवसभराच्या वाटेवर, मोहन्याला. धाकू जवळजवळ पळतच निघाला.

दिवेलागणीला घरी पोचला. त्याला एकटाच पाहून आई उंबऱ्यात येऊन त्याच्या मागे वाटेकडे बघू लागली. त्याने धापा टाकत विचारलं, "आये, बायजाचं सासरचं नाव काय?"

बापाला आठवेना. आईने मात्र लगेच सांगितलं, "लक्ष्मी." आणि मग कपाळावर हात मारून घेतला. "मी तुला सांगून धाडायला पायजे होतं. माज्या तोंडात कदी आलाच नाय रं ता नाव."

बुधवारी उजाडताच तो पुन्हा निघाला. वाटभर 'लक्ष्मी, लक्ष्मी' घोकत होता. पायांना फोड आलेले. कारकून जायच्या तयारीत असताना तो मांडवात पोचला आणि नाव सांगितलं.

कारकुनाने चोपडी उघडलीच नाही. त्याने धाकूला खाली बसवलं. "काल तू गेलास आणि तासाभराने ती शुद्धीवर आली," तो म्हणाला. "माझ्या घरचं कुणी आलं का, म्हणून विचारत होती. शिपाई म्हणाला, तुझं नाही, कुण्या बायजाचा भाऊ आला होता. ती म्हणाली, बायजा मीच. आम्ही माणूस धावत पाठवला तुझ्या मागे, खाडीच्या पुलापर्यंत. तू दिसला नाहीस. मग भाऊ येतोय म्हणून वाट बघत राहिली. आज सकाळी गेली."

 इथे आजा म्हणाला, "मी तासभर बसलो असतो ना रे तिथंच. नुसता बसलो असतो."  

मोहन्याला परत येताना त्याला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटत होती, तर आईच्या एका प्रश्नाची. गुरुवारी तो अंगणात शिरला. आई रडली, मग डोळे पुसून तिने तोच प्रश्न विचारला, "कवा गेली?"

बुधवार म्हणावं, तर मंगळवारी बायजा जिवंत होती आणि त्याच्याजवळ फक्त नाव नव्हतं, हे आईला त्याच क्षणी समजलं असतं.

"सोमवारी," धाकू म्हणाला. "मी पोचायच्या आदीच."

 "मंग नाव म्हायती असून बी काय नसता झाला," आई म्हणाली.

"काय नाय."

सोमवारी फाल्गुन शुद्ध तृतीया होती. सासरी तिचं श्राद्ध करणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून आई दर वर्षी तृतीयेला बायजाचं पान वाढायची. धाकू तिच्या शेजारी बसून जेवायचा. दोन दिवसांनी पंचमीला, बायजा खरी गेली त्या तिथीला, तो पोट बिघडल्याचं सांगायचा, आणि त्या दिवशी तो पाण्याशिवाय काही घ्यायचा नाही. आई पुढे एकतीस वर्षं जगली. दर पंचमीला ती त्याला ओवा चावायला द्यायची, आणि तो ती पाठमोरी झाली की थुंकून टाकायचा.