प्रसादाचा हात

"मामा, उजवा हात करा की."

गुरुजी सवयीने बोलले. प्रसादाच्या रांगेतल्या प्रत्येकाला ते हेच सांगत होते. मानवतच्या आमच्या जिनिंगमध्ये कापूस खरेदीचा मुहूर्त होता. वजनकाट्याला हार घातला होता, नारळ फुटला होता. मी डावा तळहात पुढे धरला होता. उजवा मला नाही. कोपराखाली बाही दुमडून पिन लावलेली असते. सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यात तो हात गेला. याच जिनिंगच्या रेच्यात.

"आणतेत कुठून?" मागून कुणी म्हणाले. दोघे-तिघे हसले. मीही हसलो.

गुरुजींनी जिनिंगच्या मालकांकडे, शेठजींकडे पाहिले. शेठजी आवाज न चढवता म्हणाले, "पहिला दिवस आहे. डाव्यात नको. त्यांचा कुणीतरी घ्या."

शेजारच्या फिटरने आपला उजवा हात पुन्हा पुढे केला. माझा प्रसाद त्याच्या हातावर पडला. आणि मी म्हणालो, "चुकलं, शेठजी."

राग आला नाही. काहीच आले नाही. रांग पुढे सरकली, तसा मीही सरकलो.

घरी येऊन ओसरीवर बसलो, तेव्हा विचार केला. अपघातापासून पत्नी मला घास भरवत होती. लोकांना वाटे, डाव्या हाताने जमत नसेल. जमत होते. त्याच हाताने मी दाढी करत होतो, बटणे लावत होतो. फक्त ताटाला तो लावायचा नाही, हे मीच ठरवले होते. मला कुणी सांगितले नव्हते. जे माझ्या घरात रोज चालले होते, तेच शेठजींनी चारचौघांत केले. याची मला लाज वाटते. पण माझ्या लाजेने त्यांचा दोष कमी होत नाही. हात त्यांच्या रेच्यात गेला होता.

संध्याकाळी फिटर आला. कागदाची पुडी पुढे करून म्हणाला, "घ्या मामा. उजव्याच हातानं घेतलाय बरं, शंका नको." त्याच्या मनात काही वाईट नव्हते.

मी म्हणालो, "मला प्रसाद मिळाला नाही. तुला मिळाला. तू खा."

"आसं काय करायलाव, मामा?"

मी पुन्हा तेच म्हणालो. तो पुडी घेऊन गेला.

पत्नी ताट घेऊन आली आणि नेहमीप्रमाणे भाकरी मोडू लागली. "राहू दे," मी म्हणालो. डाव्या हाताने मीच भाकरी मोडू लागलो, तसे ताट सरकले. थोट्या हाताने ते दाबून धरले. चव लागली नाही. जेवलो मात्र पूर्ण. ती समोर बसून राहिली.

आता कुणी काही देऊ लागले की मी डावा हात पुढे करतो. समोरचा कचरला, तरी मागे घेत नाही. माझ्या वाटचे दुसऱ्याच्या हातून स्वीकारत नाही. कचरणे त्याचे आहे. त्याच्यासाठी मी यापुढे माफी मागणार नाही.